खंडेनवमीचा पाट

"ताई, पाय वर घ्या जरा," टेबलाखालून आवाज आला.

मी पाय वर घेतले. माझ्याच ऑफिसात, माझ्याच फिरत्या खुर्चीत मी मांडी घालून बसले होते आणि माझी धाकटी जाऊ स्वप्नाली पदर खोचून, हातात बॅटरी घेऊन टेबलाखाली वायरी तपासत होती.

"ही निळी वायर कुठं जाती?"

"वरच्या खोलीत."

"तिथं काय हाय?"

"पूर्वी आमचे हे बसायचे तिथं. त्यांना वेगळं इंटरनेट घेतलेलं."

"आणि आता?"

"आता पोती. रद्दी. भंगार."

"म्हणजे दर महिन्याला उंदरांचं इंटरनेट भरतोय आपण," ती म्हणाली आणि टेबलाखालीच खदखदून हसली. दारात चहाचा कप घेऊन मामा उभे होते. तेही हसले. मामा म्हणजे माझे सासरे. मोठी ऑर्डर मिळाली तरी हसायचे नाहीत आणि उंदरांवर हसले. मला काही हसू आलं नाही.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे, आम्ही पंपाचे सुटे भाग बनवतो. जात लोहाराची. मामांनी एका जुन्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, धंदा सुरू केला आणि वाढवला. त्या साली मात्र आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं ऑर्डर निम्म्यावर आणली होती. जो भाग हाताच्या लेथवर काढायला आमच्या मिस्त्रीला बराच वेळ लागायचा, तो दुसरीकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या लेथवर, चहा पिऊन होईपर्यंत निघायचा. मामांनी एक वापरलेली सीएनसी हेरून ठेवली होती. हप्ता कुठून काढायचा, एवढंच अडलं होतं.

"ऑफिसात त्या कॉम्प्युटरवर लई पैसा चाललाय," मामा एकदा जेवताना म्हणाले. "तिथनं मशीनचा हप्ता निघतोय का बघा."

बघा म्हणजे मीच बघायचं, असं मी धरून चालले. ऑफिस माझं. पण मामांनी नजर माझ्यावरून पुढं नेली आणि स्वप्नालीवर थांबवली. "तू डिप्लोमा झालेली हैस. तू बघ."

मला ठसका लागला. आमच्या ह्यांनी पाठीवर थोपटलं आणि पाणी दिलं. पाण्यानं जाण्यासारखा ठसका नव्हता तो.

माझं नाव हेमलता. माहेर कराडचं. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि लोखंडाची कुरळी कात्रणं ओच्यात भरून आणायची. लग्न होऊन इथं आले तेव्हा घर पुढं आणि वर्कशॉप मागं. नवी नवरी असून माझा पाय स्वयंपाकघरात ठरेना. मामांच्या लेथपाशी जाऊन उभी राहायची. एकदा मिस्त्री जेवायला गेला होता आणि मी हँडल फिरवून बघत होते, तोच मामा आले. मला वाटलं, आता खरं नाही. पण मामा रागावले नाहीत. म्हणाले, "हेमा, चल, तुला ह्याच्यापेक्षा भारी मशीन देतो." आणि पंधरा दिवसांत त्यांनी कॉम्प्युटर आणला. उद्यमनगरात आमच्या गल्लीतला पहिला. काचेची केबिन बांधली, फिरती खुर्ची ठेवली. "हे तुझं मशीन," म्हणाले. लोक बघायला यायचे. लोहाराची सून कॉम्प्युटर चालवते म्हणून सासूबाईंनी हयात असेपर्यंत पाहुण्यांना दहादा सांगितलं असेल.

तर ती खुर्ची म्हणजे माझं सगळं होतं. मी काही पदवीधर नव्हते. दिसायला बरी म्हणावी इतकीच. पण उद्यमनगरात मला कॉम्प्युटरवाल्या वहिनी म्हणायचे आणि त्या नावावर मी वीस वर्षांच्या आसपास ताठ मानेनं चालले. आणि आता ही पोरगी, शिवाजी पेठेतली, तिथल्या पोरींसारखी "मी करतो, मी जातो" म्हणत फिरणारी, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, ती माझ्या टेबलाखाली बॅटरी मारत होती.

एकदा टेबलाखाली शिरली ती सगळीकडेच शिरली. आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला आम्ही दरसाल देखभालीचे पैसे द्यायचो. तिनं त्याची पावती घेऊन एकेक यंत्र शोधलं. त्यातली दोन यंत्रं मी स्वतः भंगारात घातली होती, पण त्यांची देखभाल इमानेइतबारे चालू होती.

"मेलेल्या म्हशीला चारा घालतोय आपण," ती मामांना म्हणाली.

"मला काय माहीत? तो दरसाल कागद आणायचा, मी सही करायचे," मी म्हणाले.

"तुमची काय चूक न्हाई ओ ताई. तुम्हांला कुणी सांगितलंच न्हाई."

ही समजूत काढणं तर मला शिव्यांपेक्षा झोंबलं. भांडली असती तर चाललं असतं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही.

मग एसीची पाळी आली. ऑफिसच्या मागं एका छोट्या खोलीत मोठा कॉम्प्युटर ठेवला होता, बाकीचे सगळे त्याला जोडलेले. त्याला गार लागतं म्हणून तिथं रात्रंदिवस एसी. मे महिन्यात माझी मुलं त्याच खोलीत अभ्यासाला बसायची, मीही दुपारी भाजी निवडायला जायची. स्वप्नालीनं एका कंपनीकडून भाड्याची जागा घेतली, म्हणजे आमची बिलं, हिशेब सगळं इंटरनेटवर दुसऱ्याच्या यंत्रात राहणार. मोठा कॉम्प्युटर विकला. एसीही विकला. मुलं महिनाभर फुगून होती. मी त्यांना म्हटलं, काकीला विचारा.

ड्रॉइंग काढायचं महागडं सॉफ्टवेअर तिघांसाठी घेतलेलं होतं आणि काढणारा एकच होता. दोन बंद केली. पत्रं लिहायला तिनं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं. फुकटात काय मिळतं, तर फुकटातलंच, असं म्हणून मी वाट बघत बसले. माझी जुनी पत्रं त्यात उघडणार नाहीत, मग मामांना बोलावून दाखवू, असं मनात पक्कं केलं. सगळी पत्रं उघडली. एक-दोन ठिकाणी ओळ खालीवर झाली होती तेवढी मी मामांना दाखवली. मामा चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, "वाचाय येतंय की."

पण माझा जीव खरा कशात होता, तर रंगीत प्रिंटरमध्ये. आमच्या प्रत्येक बिलावर वर कोपऱ्यात विश्वकर्म्याचं चित्र असायचं, पिवळं पितांबर, हातात मोजायचा गज. ती कल्पना माझी. मामा बिलावर सही करण्याआधी त्या चित्राला हात लावायचे. स्वप्नालीनं रंगीत शाईचा खर्च काढला आणि प्रिंटर बंद करायचा म्हणाली. आता सापडली. मी मामांकडे बघितलं.

"देव काढायचा बिलावरनं?" मामांचा आवाज चढला. "लोहाराच्या बिलावरनं?"

"काढायचा कशाला मामा? छापखान्यातनं वर्षाचं कागद एकदम छापून घ्यायचं, देवासकट. मग आपण खाली नुसतं काळं छापायचं. देव उलट झळकंल. प्रिंटरमधल्या देवाच्या तोंडावर शाई पसरत्या, बघितलंय न्हवं तुम्ही?"

मामांनी बघितलं होतं. मीही बघितलं होतं. छापखान्यातून कागदाचा गठ्ठा आला तेव्हा मामांनी पहिला कागद देव्हाऱ्यात ठेवला. "पोरगी डोकेबाज हाय," असं ते दुकानदारापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. वीस वर्षांत मला कुणी डोकेबाज म्हटलेलं आठवत नाही. हुशार म्हणायचे. हुशार आणि डोकेबाज यात फरक आहे. हुशार मुलीला बक्षीस देतात, डोकेबाज माणसाला विचारतात.

रात्री मी आमच्या ह्यांच्यापुढं मन मोकळं केलं. "तुमच्या भावाची बायको मला ऑफिसातनं उठवणार बघा."

"अगं, ती पैसं वाचवायल्या. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझी खुर्ची जात्या."

"खुर्ची न्हाई विकत ती," म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले. पुरुषांना झोप कशी लागते कोण जाणे.

गणपती होईपर्यंत ऑफिसचा खर्च निम्म्याच्या खाली आला आणि सीएनसीचा व्यवहार पक्का झाला. त्या दिवशी मामांनी आम्हां दोघींना समोर बसवलं. खूश होते. पेढे आणले होते.

"आता कॉम्प्युटरचं काम कमी झालं," ते म्हणाले. "ऑफिसात एकच बाई पुरे. दुसरीनं घराकडं बघावं. मी कुणाचं नाव घेणार न्हाई. तुम्ही दोघी आपसांत ठरवा. खंडेनवमीला कॉम्प्युटरपुढं जिचा पाट असंल, तिचं ऑफिस."

बाहेरच्याला यातलं गांभीर्य कळायचं नाही, म्हणून सांगते. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळीकडे हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे मामांनी एक रीत घालून दिली आहे. मशीनची पूजा मालक करत नाही, जो त्यावर काम करतो तो करतो. आपापला पाट आणायचा, मशीनपुढं मांडायचा आणि आपल्या हातानं कुंकू लावायचं. मामा ताट घेऊन फिरतात आणि प्रत्येकाच्या हातात नारळ देतात. ज्यानं कुंकू लावलं त्याचं ते मशीन वर्षभर. एकदा मांडलेला पाट कुणी उचलायचा नाही, मालकानंही नाही. दारू पिऊन मशीन बिघडवलेल्या एका कामगाराला मामांनी त्यावर्षी पाट मांडला होता म्हणून पुढच्या खंडेनवमीपर्यंत ठेवून घेतलं होतं. आणि पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत मशीनला बोट लावायचं नाही. त्याची विश्रांती.

"ठरवूया की," स्वप्नाली पेढा खात म्हणाली. "घाई काय?"

मी त्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवली. ती दुपारी जेवण आवरलं की स्कूटी काढायची.

"कुठं निघालीस?"

"क्लास हाय ताई. कॉम्प्युटरचा."

"आणि कसला कॉम्प्युटर शिकतीस?"

"हाय एक, नवीन," म्हणायची आणि भुर्रकन जायची. क्लासचं मामांना माहीत होतं, नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, धनंजयला माहीत होतं. मामा म्हणायचे, शिकू दे, पोरगी शिकत्या ते ऑफिसच्याच कामाला येईल. मला वाटायचं, हिशेबाचं शिकत असणार. बिलं, कर, सगळं. मी जे नुसतं टाइप करायची ते ही समजून करणार. मग मला ठेवायचं कशाला?

संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या बोटांना काळं लागलेलं असायचं. नखांत सुद्धा.

"हे काय?"

"शाई. प्रिंटरमध्ये शाई मीच भरतो आता. नवीन डबी कशाला आणायची?"

पदराला रॉकेलचा वास यायचा. मी म्हटलं, बघा, शाई भरते आणि रॉकेलनं हात धुते, वा रे काटकसर. मनात म्हटलं, हात काळे झाले तरी चालतील, माझी खुर्ची पाहिजे हिला. आमच्या ह्यांना मी ते सांगितलंही. ते म्हणाले, "तूही भर की शाई." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सीएनसी आली ती नवरात्रात. क्रेननं उतरवली. पांढरीशुभ्र, खिडकी असलेली, बाजूला पडदा आणि बटणं. कामगार लांबूनच बघत होते. ती चालवायला हातकणंगल्याचा एक ऑपरेटर ठरला होता, तो दसऱ्यानंतर येणार होता. स्वप्नाली मशीनभोवती फिरत राहिली. मी केबिनच्या काचेतून बघत होते आणि मनात म्हणत होते, नाच बाई, तुझ्याच पैशांनी आली. पण अजून खुर्चीत मीच आहे.

खंडेनवमीला मी पहाटे उठले. आंघोळ केली, निळी इरकल नेसले. माझा पाट म्हणजे माहेरचा, शिसवी, वडिलांनी दिलेला. तो काखेत धरून मी मागच्या दारानं वर्कशॉपमध्ये गेले. जिचा पाट आधी, तिचं ऑफिस. बोलणी करत बसायला मी काही वेडी नव्हते.

केबिनमध्ये दिवा चालू होता. आत स्वप्नाली.

ती काचा पुसत होती. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली होती, की-बोर्डवर आंब्याची डहाळी. माझी फिरती खुर्ची लख्ख पुसून बाजूला ठेवली होती. ज्या जागेवर मी दरवर्षी पाट मांडायची तिथं रांगोळी काढलेली होती. रांगोळी चांगली होती, मोर काढला होता, तेही मला सहन झालं नाही.

"आलासा ताई? बरं झालं," ती म्हणाली. "मांडा की."

"काय?"

"पाट. मांडा की हितं. तेवढ्यासाठीच तर रांगोळी काढली."

मला वाटलं ही चेष्टा करते. मी पाट मांडला आणि त्यावर बसून टाकलं. उठलीच नाही. ती जाईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. ती हसली आणि हातातलं फडकं झटकून निघून गेली. मी बराच वेळ तशीच बसून होते. जिंकल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला ते जमेना. एवढ्या सहजासहजी सोडली कशी हिनं? काहीतरी आहे यात.

सकाळी सगळे जमले. कामगार नवे कपडे घालून आपापल्या मशीनपुढं पाट मांडून बसले. ड्रिलवाला, ग्राइंडरवाला, मिस्त्री. कोपऱ्यातला मामांचा जुना लेथ आता कुणी चालवत नव्हतं, तिथं मामा स्वतः पाट मांडायचे. मामा ताट घेऊन निघाले. माझ्याकडे आले, कॉम्प्युटरला कुंकू लावताना मला बघितलं, नारळ हातात दिला आणि म्हणाले, "शाबास. ठरवलं न्हवं दोघींनी? असंच पाहिजे." मी मान डोलावली.

शेवटी सीएनसी राहिली.

"हिची पूजा यंदा मीच करतो," मामा म्हणाले. "ऑपरेटर येईस्तोवर."

त्यांनी माझ्या दिराला पाट आणायला सांगितलं. धनंजय हलला नाही. मग स्वप्नाली पुढं आली. तिच्या काखेत पाट होता. स्वयंपाकघरातला, रोज ज्यावर बसून ती भाकरी थापायची तो. तिनं तो मशीनपुढं मांडला, पदर घेतला आणि बसली.

मामांच्या हातातलं ताट वाकडं झालं, सुपारी खाली पडली.

"ऊठ पोरी," मामा म्हणाले. "तुझा कॉम्प्युटर तिकडं."

"हाही कॉम्प्युटरच हाय मामा."

"बायकामाणसानं मशीनवर बसायचं न्हाई आपल्यात. ऊठ."

"मामा, मी डिप्लोमा कशातला केलाय, कुणी विचारलंच न्हाई मला. सगळ्यांनी आपलं आपणच कॉम्प्युटर धरलं. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा हाय. आणि हा दुपारचा क्लास सीएनसीचा हाय. शिरोलीला जातो मी. महिन्यात दोनशे भाग काढल्यात ह्या हातानं."

"धन्या!" मामा ओरडले. "तुला माहीत हुतं?"

"व्हय," धनंजय म्हणाला. "तुम्ही नको म्हणणार, ते पण माहीत हुतं."

"ऊठ म्हणतोय मी!"

स्वप्नालीनं पाट दोन्ही हातांनी धरला. "पाट मांडलाय मामा. मांडलेला पाट उचलत न्हाईत. रीत तुमचीच हाय."

सगळ्या कामगारांसमोर पेच पडला होता. पाट उचलला तर रीत मोडली, नाही उचलला तर सून मशीनवर. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. मी घरातली मोठी सून.

"हेमा," ते म्हणाले. "तू सांग तिला. तुझं ऐकंल ती. उठीव तिला."

खरं सांगते, मला फार विचार करावा लागला नाही. ती उठली तर जाणार कुठं? घरात, नाहीतर माझ्या केबिनमध्ये. घरात बसणारी ती नव्हे. आणि ती केबिनमध्ये आली की माझी खुर्ची गेली. ती मशीनवर बसली की माझी खुर्ची माझी. एवढा सरळ हिशेब. त्यात मोठेपणा कसला?

"मामा," मी म्हणाले, "नारळ द्या तिला."

मिस्त्रीनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आमचे हे माझ्याकडे असे बघायला लागले की मी देवीच. मामांनी ताटातला नारळ घेतला, मुठीत धरून उभे राहिले आणि शेवटी तिच्या हातात दिला. "एक वरीस," म्हणाले. "एकच. मशीनला काय झालं तर बघ." स्वप्नालीनं मशीनला कुंकू लावलं. तिचं बोट काचेवर जरा जास्तच वेळ टेकलेलं होतं.

पूजा संपली, लोक चिरमुरे-बत्तासे घेऊन गेले. स्वप्नाली केबिनमध्ये आली आणि माझ्या पाया पडली.

"अगं, ऊठ."

"मला वाटलं, तुम्ही उठवणार मला."

"कशाला उठवू?" मी म्हणाले. मग मला राहवलं नाही. "ऑफिसचा एवढा सगळा खर्च कमी केलास, तो मशीनसाठीच ना?"

"मशीनसाठी तर हायच," ती डोळे पुसत म्हणाली. "पण दुसरं पण एक हुतं. ऑफिसात दोघींचं काम राहिलं असतं, तर मामांनी मला जन्मभर हितंच बसवलं असतं, काचेच्या आत. म्हटलं, काम एकीपुरतं करायचं. म्हणजे दुसऱ्या बाईला बसवायला जागाच उरत न्हाई. माझ्या बाबांनी पण मला हेच केलं हुतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो की म्हणायचे, चल, तुला ह्याच्यापेक्षा भारी वस्तू देतो. आणि मोबाइल आणायचे."

तिनं असंच सहज सांगितलं. तिला माझी गोष्ट ठाऊक नव्हती. मी कुणालाच सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तर त्या गोष्टीचा अभिमान बाळगत आले होते.

ती गेली. मी फिरत्या खुर्चीत बसले. मोकळी खुर्ची, मोकळं टेबल, समोर माळ घातलेला कॉम्प्युटर, खाली मोर. सगळं माझं. काचेतून वर्कशॉप दिसत होतं आणि मधोमध ती पांढरी सीएनसी. त्या दिवसापर्यंत मी स्वप्नालीवर वायरींवरून जळले, प्रिंटरवरून जळले, डोकेबाज या शब्दावरून जळले. ते सगळं उगाच होतं. खरं जळणं काय असतं ते मला त्या खुर्चीत कळलं. तिच्या बापानं तिच्यावर आणि मामांनी माझ्यावर एकच डाव टाकला होता. ती त्यातून निसटली आणि मी त्यातच वीस वर्षं सजून बसले.

मी उठले. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या मामांच्या लेथला झेंडूची माळ होती आणि हँडलवर कुंकवाचा ओला टिळा. पूजा झालेल्या मशीनला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. मी लावला. हँडल फिरवलं. पहिल्यांदा अडलं, मग वळलं. टूल हळूहळू पुढं सरकलं. माझे वडील असंच सरकवायचे आणि मी डबा हातात धरून बघायची. मी ते पुढं नेलं, मागं आणलं. पुन्हा पुढं नेलं. कुणी येतंय का बघायचंही विसरले.

दुपारी जेवायला सगळे एका पंगतीला बसलो. पुरणपोळी होती. मामांनी आम्हां दोघींकडे बघितलं नाही, पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"तुझ्या हाताला काय लागलंय गं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

मी बघितलं. बोटांच्या पेरांत काळं बसलं होतं, त्यात कुंकवाचा लाल डाग. मी चांगला साबण लावून हात धुतले होते.

"शाई," मी म्हणाले. "प्रिंटरची."

स्वप्नाली तूप वाढत होती. तिचा चमचा वाटीवरच थांबला. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साबणानं जात न्हाई ती, ताई," ती हळूच म्हणाली आणि माझ्या पोळीवर तूप सोडलं. "रॉकेल लावाय लागतंय."